चुना नंतर टाका, आधी नाल्यावरची मोटर बंद करा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिळफाट्याजवळ बारा गुंठे, तांबडी माती, मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH) ५.१, बाजूच्या नाल्यावर मोटर लावून पालक-माठ घेताय, पानं पिवळी पडतायत आणि नाल्याला कधी कधी रंग येतो, तर चुना किती टाकू? चुन्याचं सांगतो, पण मोटर आजच बंद करा, अशा पाण्यात कॅडमियम-शिशासारखे विषारी जड धातू असू शकतात.

त्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. कॅडमियम, शिसं, क्रोमियम त्यात नसतंच! मी चार वर्षं कळव्याजवळ असंच नाल्याचं पाणी दिलं, पालक इतका हिरवागार यायचा की शंकाच आली नाही, नंतर धातूंची वेगळी टेस्ट केली तर कॅडमियम निघालं, आणि तीच भाजी घरातल्या पोरांना खायला घातली होती हे अजून मनातून जात नाही. म्हणून एवढं लिहितोय.

आता आंबट माती आणि धातू, या दोन्ही गोष्टी जोडलेल्या कशा ते बघा. आपल्या कोकणपट्टीत पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो, माती आंबट होते. सामू ५.५ च्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम सुटं होऊन मुळं आखूड राहतात, टाकलेलं स्फुरद मातीतच अडकतं. आणि त्याच आंबट मातीत कॅडमियम, जस्त, निकेल पण सुटे होऊन मुळातून वर चढतात, पालेभाजीत सगळ्यात जास्त. चुन्याने सामू ६.५ च्या आसपास आणला की ते मातीला धरून राहतात. पण धातू जात नाही हां, फक्त बांधला जातो, पुढे माती परत आंबट झाली की परत सुटतो. आणि आर्सेनिक असेल तर उलटं, सामू चढला की ते जास्त सुटं होतं. म्हणून टेस्टशिवाय चुना नको.

नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा घ्या, नाल्याकडचा आणि लांबचा वेगवेगळा, एकत्र मिसळलात तर काहीच कळणार नाही. लॅबला 'जड धातू' आणि 'चुन्याची गरज' असं दोन्ही स्पष्ट सांगा. हेक्टरी दोन टन निघाला तर गुंठ्याला साधारण वीस किलो पडतो. चुनखडीची पावडर किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) घ्या, कळीचा चुना डोळ्यात-हातावर भाजतो. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा, युरियाबरोबर अजिबात नको, अमोनिया उडून जातो. जिप्सम कोणी सुचवलं तर घेऊ नका, त्याने सामू वाढत नाही.

शेणखत भरपूर घाला, तेही धातू धरून ठेवतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर रिपोर्ट मागा, खत नियंत्रण आदेशात त्याला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० आहे.

टेस्ट येईपर्यंत पालेभाजी बाजारात पाठवू नका, कृपा करा. धुतल्याने पानावरची धूळ जाते, पानाच्या आतलं कॅडमियम नाही. बोअरचं पाणी असेल तर झेंडू लावा. मोहरी लावून धातू ओढून काढा असं कोणी सांगेल, तर त्याला कितीतरी वर्षं लागतात, आणि तो पाला गुरांना घातला तर दुधापर्यंत जाण्याची भीती.

रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, बारा गुंठ्यांचा हिशोब करून देतो.