पेल ग्रास ब्ल्यू हे फुलपाखरू शोधताय?
फुलांमागे धावू नका, आधी आंबुशी शोधा. कुंडीत, हिरवळीत, फरशीच्या फटीतही उगवते ती. मादी तिच्या पानांवर एकेक अंडं घालते. अळी हिरवीच असल्यामुळे सहज दिसत नाही. पण पानांवर मुंग्या घुटमळताना दिसल्या तर तिथे नीट बघा. अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्या येतात आणि तिची राखणही करतात.

पेल ग्रास ब्ल्यूचं उडणं जमिनीलगतच, म्हणून कॅमेरा घेऊन सरळ पोटावर झोपा. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो पंख उघडून बसतो. नर फिकट निळा, मादी तपकिरी. ओळखीसाठी मात्र पंखांच्या खालच्या बाजूचा फोटो हवाच. वरच्या निळ्यावर विसंबलात तर तसाच दिसणारा लेसर ग्रास ब्ल्यू हमखास फसवतो. आणि हो, आंबुशी तण म्हणून उपटू नका.