आबेलच्या कोटावरची फीत

प्रश्न: ‘एक्सप्लनेशन फॉर एव्हरीथिंग’ हा हंगेरियन चित्रपट पाहिला. कोटावर राहून गेलेल्या एका फितीवरून एवढा गदारोळ का होतो?

उत्तर: लाल-पांढरी-हिरवी ती फीत म्हणजे कोकार्दा. हाब्सबुर्ग राजवटीविरुद्धच्या १८४८ च्या क्रांतीची आठवण म्हणून हंगेरियन लोक १५ मार्चला ती डाव्या छातीवर लावतात. २००२ च्या निवडणुकीत तेव्हाचे उजव्या विचारांचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी समर्थकांना ती लावायला सांगितलं, आणि राष्ट्रीय खूण एका पक्षाची वाटू लागली. म्हणूनच उन्हाळ्यातल्या तोंडी परीक्षेत विद्यार्थी आबेलच्या कोटावर ती दिसताच उदारमतवादी शिक्षक याकाब त्याबद्दल विचारतात.

या शालान्त परीक्षेत इतिहास सक्तीचा असतो. चिठ्ठी काढून आलेल्या विषयावर परीक्षकांपुढे बोलावं लागतं. आबेलला बोलताच येत नाही, नापास होण्याचं खरं कारण तेच. उजव्या विचारांच्या वडिलांना मात्र फितीचं कारण पुरतं, मग वर्तमानपत्राला बातमी मिळते.

दिग्दर्शक गाबोर रेइस यांनी हंगेरीच्या सरकारी अनुदानाशिवाय हा चित्रपट केला. २०२३ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. पुन्हा पाहाल तेव्हा वडील आणि याकाब यांचं भांडण नीट ऐका. दोघांचंही थोडंथोडं पटतं, आणि चित्रपटाची खरी ताकद मला तिथेच वाटते.