वजन कमी करताना आठवड्यातून एकदा ठरवून चीट मील घेतलं तर चालतं का?

चालतं. तीन आठवडे नेटाने पाळल्यावर रविवारी एक वेळ मनसोक्त जेवलं तर सगळं पाण्यात जाईल का, आणि त्याने मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा कॅलरी जाळण्याचा वेग, वाढतो हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा महिन्यांत ११ किलो उतरवले. त्यातले पहिले चार महिने मात्र याच एका गोष्टीत वाया घालवले, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा तुम्ही रोज ५०० कॅलरी कमी खाताय. आठवड्याची तूट झाली ३५००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमी उतरतं. एका जेवणात १००० कॅलरी जास्त गेल्या तरी २५०० ची तूट उरतेच. पण त्या एका जेवणाचा अख्खा दिवस झाला, सकाळच्या चहापासून रात्रीपर्यंत हात सैल सुटला, की ३००० जास्तीच्या कॅलरी कधी गेल्या कळतही नाही, आणि आठवड्याची मेहनत जवळपास तिथेच संपते. माझे चार महिने असे गेले. सहा दिवस एवढं पाळूनही काटा का हलत नाही, म्हणून मी रडकुंडीला यायचे.

मेटाबॉलिझमचं म्हणाल, तर भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन तात्पुरतं वाढतं. पण पुन्हा कमी खायला लागलात की ते खाली येतं, आणि जास्तीचं खाल्लेलं भरून निघेल इतकं शरीर काही जाळत नाही. तेव्हा ते जेवण आवडतं म्हणून घ्या. तेवढं कारण पुरेसं आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. माझ्या वहीत एक नोंद आहे: रविवारी सकाळी ७१.२, सोमवारी सकाळी ७२.६. एका रात्रीत १.४ किलो चरबी चढायला दहा हजारांवर जास्तीच्या कॅलरी लागतील, तेवढं मी खाल्लेलं नव्हतं. ते बहुतेक पाणी होतं. कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. खारट खाण्यामुळे आणखी पाणी साचतं, शिवाय पोटातलं अन्नही पुरतं पचलेलं नसतं. गुरुवारची नोंद ७१.१ आहे.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी सोमवारी घाबरून दुपारचं जेवण टाळायचे आणि संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाताला लागेल तो डबा उघडायचे. मग ‘आता बिघडलंच आहे’ म्हणत मंगळवारही जायचा. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ साली एका प्रयोगात लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. इतरांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पण खाण्यावर कायम लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. हे वाचलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. मी दुबळ्या मनाची नव्हते, माझी पद्धत चुकत होती.

आता मी बुधवारीच ठरवते: कोणतं जेवण, कोणता पदार्थ. त्या दिवशी बाकीची जेवणं नेहमीसारखीच, कारण उपाशीपोटी ताटावर बसलं की हिशेब राहत नाही. ताटात वाढून, शक्यतो कुणाच्या तरी सोबत, सावकाश जेवते. उरलेलं घरात ठेवत नाही. ‘चीट’ हा शब्दही मी सोडला, कारण त्यात गुन्हा केल्याची भावना चिकटलेली आहे.

एक मात्र मनापासून सांगते. एकदा सुरुवात केली की थांबता येत नसेल, लपून खावंसं वाटत असेल किंवा खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही; आधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहाची औषधं चालू असतील तरीही विचारूनच करा.

नाहीतर या रविवारी निवांत जेवा, सोमवारी सकाळी नेहमीचा नाश्ता करा आणि वजन गुरुवारी बघा.