तिने मान हलवली, पण कशाला?

प्रश्न: ताई, मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी दोन वर्षांपासून केसवर्कर आहे. आतापर्यंत अकरा कार्यशाळा झाल्या, प्रमाणपत्रांची वेगळी फाईल आहे. गेल्या आठवड्यात गृहभेटीला गेले होते. सात वर्षांची मुलगी, आई शेजारच्याच खोलीत. मुलगी गप्प. शिकलेलं सगळं डोक्यातून उडालं आणि मी विचारून बसले, 'बाबा मारतात का गं?' तिने मान हलवली. ती खरं सांगत होती की माझ्यापासून सुटका करून घेत होती, मला अजून कळत नाही. आता ऑफिसने विचारलंय, यंदा कोणतं प्रशिक्षण हवं: मुलांशी संवादाची तीन दिवसांची कार्यशाळा की वर्षभराचा दूरस्थ डिप्लोमा? काय घेऊ?

उत्तर: आधी मला सांग, या अकरा कार्यशाळांनंतर एकदा तरी कुणी तुझं मुलाशी झालेलं बोलणं तुझ्यासोबत बसून तपासलं का? पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून विचारते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सहा वर्षांच्या एका मुलाला मी विचारलं, 'काकांची भीती वाटते ना?' 'हो.' पुढे काही सुचेना म्हणून थोड्या वेळाने, 'काका आवडतात ना?' त्यालाही 'हो.' दोन्ही 'हो' वहीत लिहून मी परत आले. माझ्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. कागदाला मधोमध घडी घालून म्हणाल्या, 'डावीकडे तुझे प्रश्न, उजवीकडे त्याची उत्तरं. आठवेल तसं, शब्दशः.' चौदा प्रश्न निघाले, त्यातले बारा हो-नाहीचे. डावी बाजू खच्चून भरलेली आणि उजवीकडे त्या पोराचे सगळे मिळून वीस शब्द नसतील. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात आणि विद्यार्थी त्याला मनापासून वैतागतात. मीही वैतागले होते. पण त्या एका कागदाने मला जे दाखवलं ते कुठल्याही पीपीटीने दाखवलं नव्हतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेत मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची मुलाखत घेण्याची एक ठरीव पद्धत तयार केली. ती शिकलेल्या अनुभवी माणसांच्या मुलाखती कुणीतरी नियमित तपासून चुका दाखवत होतं, तोवर खुले प्रश्न, म्हणजे हो-नाहीत न संपणारे, मुलाला स्वतःच्या शब्दांत बोलू देणारे, टिकले. ते बंद झालं आणि काही महिन्यांतच गाडी जुन्या वळणावर गेली. अनुभवी माणसांची ही गत, तर तीन दिवस बसून तुझ्यात काय टिकणार होतं? स्वतःला दोष देऊ नकोस. पण प्रश्नाचं मोल मात्र हलकं समजू नकोस. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात १९८३ साली मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप सुरू झाले आणि १९९०मध्ये एकालाही शिक्षा न होता खटला संपला. मुलांना ज्या सूचक पद्धतीने विचारलं गेलं होतं, त्यामुळे त्यांच्या सांगण्यातलं त्यांचं किती, हेच कुणाला ठरवता येईना.

म्हणून कार्यशाळा घे, पण अर्ज भरण्याआधी आयोजकांना फोन कर: तीन दिवसांनंतर पुढचे सहा महिने माझं काम कोण बघणार? उत्तरादाखल चहा-नाश्त्याची माहिती मिळाली तर समजून जा. डिप्लोमा बढतीसाठी हवा असेल तर खुशाल कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांच्या वाढीचे टप्पे नीट वाचून होतील, तेही काही कमी नाही. फक्त गप्प बसलेल्या मुलीसमोर तो मदतीला येईल अशी आशा धरू नकोस.

ऑफिसकडे त्याहून वेगळी गोष्ट माग: पंधरा दिवसांतून एक तास, एकच केस, टेबलावर नोंदवह्या नकोत. समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी सुपरव्हिजनची, म्हणजे वरिष्ठांनी आपल्या कामावर ठेवायच्या देखरेखीची, तीन कामं सांगितली आहेत: कारभार, शिकवण आणि आधार. बहुतेक ऑफिसांत पहिलंच उरतं. 'अहवाल कधी देतेस?' यापलीकडे बोलणं जात नाही. तुमच्या साहेबांना वेळ नसेल तर दोघी-तिघी सहकारी मिळून बसा, मुलाचं नाव-गाव झाकून. एकीने प्रश्न वाचायचे, दुसरीने फक्त विचारायचं, 'हा कशासाठी विचारलास?' झोंबेल. (मला अजून झोंबतं.) आणि रात्री ती मान डोळ्यांसमोर येत असेल, तर तेही त्याच तासात बोल. या कामात ते होतंच आणि एकटीने वाहिलं तर माणूस थकतो.

आता त्या मुलीचं. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबली नसशील अशी आशा आहे. नसेलच सांगितलं, तर आजच वरिष्ठांना सांग. तिच्याशी पुढे कोण बोलणार ते त्यांनी ठरवू दे, पुन्हापुन्हा वेगवेगळ्या माणसांनी विचारणं तिच्यावर अन्याय आहे. तूच जाणार असशील तर आईच्या कानाआड, वेगळी जागा आधी ठरव. बाबांचा विषय तू काढू नकोस. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सगळं सांग' असं साधं काहीतरी विचार आणि मग गप्प राहा. तुला वाटेल त्याहून जास्त वेळ गप्प राहा. ती थांबली की 'मग काय झालं?' एवढंच.

आणि गेल्या भेटीच्या अहवालात 'वडील मारतात असे मुलीने सांगितले' असं लिहिलं असशील तर ते दुरुस्त कर. 'वडील मारतात का, असे मी विचारले. मुलीने मान हलवली. आई शेजारच्या खोलीत होती' असं लिही. मान होकारार्थी होती की नकारार्थी, हे तू पत्रात मलाही लिहिलेलं नाहीस.