बारावीनंतर थेट सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स), की आधी पदवी?

भारतात वैमानिक व्हायला पदवी लागत नाही. आधी सीपीएलच्याच मागे लागा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमाप्रमाणे बारावीला फिजिक्स-मॅथ्स, 18 वर्षं पूर्ण, क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकासाठीची कडक वैद्यकीय तपासणी), नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स अशा पेपरांत 70 टक्के आणि 200 तास उड्डाण, की लायसन्स हातात. कॉमर्स केलं असेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) ते दोन विषय देता येतात.

नोकरीचं गणित मात्र वेगळं आहे. 2023 मध्ये इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर दिली, हे खरं. पण ती विमानं येणार वर्षानुवर्षं, टप्प्याटप्प्यानं, आणि टंचाई मुख्यतः अनुभवी कॅप्टनची. 200 तासांचा नवखा पोरगा रांगेतच उभा राहतो, वर ए320 चं टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण) बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. फ्लाइंग अकादमीच्या माहितीपत्रकातली ‘हमखास नोकरी’ म्हणूनच मी तरी मनावर घेत नाही.

तरीही पदवी अगदीच फुकट नाही. मेडिकल नोकरीभर पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि एकदा का अनफिट ठरलात की सीपीएलचा दुसरीकडे फारसा उपयोग नाही. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून बीए-बीकॉम बाजूला चालू ठेवा, त्यासाठी तीन वर्षं थांबू नका. आणि फी भरण्याआधी क्लास टू (प्राथमिक तपासणी), मग क्लास वन मेडिकल उरकून घ्या. बरेच जण हे उलटं करतात.