बनावट, बनावटीचा आणि तोतया

विचारणा अशी आहे: 'स्वदेशी बनावटीची युद्धनौका' वाचून ऊर भरून येतो आणि 'बनावट नोटा' वाचून पोलीस आठवतात. शब्द एकच, मग हे कसं? आणि संगणकाने हुबेहूब काढलेल्या माणसाच्या आवाजाला 'कृत्रिम' म्हणावं की 'बनावट'?

पहिल्याचं उत्तर व्याकरणात आहे. 'बनावट' हे मुळात स्त्रीलिंगी नाम, अर्थ घडण. त्याला प्रत्यय लागून 'बनावटीचा' झालं की हा मूळ अर्थ टिकतो. २०२२ साली नौदलात दाखल झालेली विक्रांत स्वदेशी बनावटीची, म्हणजे इथे घडलेली. प्रत्यय न लागता तोच शब्द विशेषण म्हणून पुढे बसला, की खोटेपणा येतो: बनावट सही, बनावट दाखला. 'जर्मन बनावटीचं पिस्तूल' गोळी झाडतं, 'बनावट पिस्तूल' नुसतं धाक दाखवतं. क्रियापदातही ही दुहेरी वीण आहेच. आपण भाजी बनवतो आणि माणसालाही बनवतो.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, कारण खरं-खोटं ओळखणं अवघड होत चाललंय आणि सगळ्यालाच 'फेक' म्हणून आपण मोकळे होतो. मराठीत याच्या बारीक छटा आहेत. 'कृत्रिम' म्हणजे केलेलं, एवढंच. गणपती विसर्जनाचा कृत्रिम तलाव कुणाला फसवत नाही. 'नक्कल' तर एके काळी विश्वासाचा शब्द होता. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा एक पिवळा पडलेला कागद सापडला, त्यावर तलाठ्याच्या सहीवर शिक्का होता: 'खरी नक्कल'. आज हे दोन शब्द शेजारी पाहून आपण थबकतो. पण नक्कल म्हणजे अस्सलावरून उतरवलेली प्रत, आणि ती अस्सलाशी जुळते याची ग्वाही म्हणून 'खरी'. दागिन्यांचंही तसंच. लग्नाला निघताना मावशी पाटल्या पुढे करून सांगते, "खऱ्या घरी आहेत, या खोट्या." पाटल्या खोट्या आहेत, मावशी खोटं बोलत नाही.

म्हणजे वस्तू केलेली आहे का, यापेक्षा ती स्वतःला काय म्हणवते, याकडे मराठीचं लक्ष आहे. म्हणून आवाजाला एकच शब्द पुरणार नाही. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून घडवून घेतले, कुटुंबीयांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन आणि उघड सांगून. तो आवाज कृत्रिम, पण त्याला बनावट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि मुलाच्या आवाजात आईला फोन येतो, "मी अडकलोय, लगेच पैसे पाठव", तो? त्याला 'बनावट' चालेल, पण आपल्याकडे नेमका शब्द आहे: तोतया. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगणाऱ्या माणसाने पेशवाई हादरवली होती. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. बनावट वस्तू कुणाचीही असू शकते, तोतया मात्र दुसऱ्याची ओळख पांघरून येतो. तोतया पोलीस, तोतया डॉक्टर आपण रोज वाचतो. त्याच चालीवर 'तोतया आवाज', 'तोतया व्हिडिओ' खुशाल लिहा. विशेषण म्हणून तो लिंग-वचनाने बदलत नाही, तेव्हा 'तोतयी चित्रफीत' नको, 'तोतया चित्रफीत'च.