इंग्रजी वाक्यात ‘बाय’ (by) नसेल तर पॅसिव्हचं (कर्मणीचं) ॲक्टिव्ह (कर्तरी) कसं करायचं?

कर्ता संदर्भावरून स्वतः शोधायचा आणि वाक्याच्या सुरुवातीला बसवायचा. आज्ञा देणारी वाक्यं सोडली तर ॲक्टिव्ह वाक्य कर्त्याशिवाय उभंच राहत नाही, म्हणून दुसरी वाट नाही. ‘द थीफ वॉज अरेस्टेड’ यात पकडणारे कोण हे उघड आहे: ‘द पोलीस अरेस्टेड द थीफ’. ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’मध्ये कोणी चोरलं ते माहीत नाही, तिथे ‘समवन स्टोल माय वॉलेट’.

काळ मात्र हलवायचा नाही. मुलं हमखास अडकतात ती ‘बीइंग’वर. ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’चं ‘वर्कर्स रिपेअर द रोड’ करून मोकळी होतात. बरोबर वाक्य ‘वर्कर्स आर रिपेअरिंग द रोड’. ‘बीइंग’ गेलं, क्रियापदाला ‘आयएनजी’ लागला आणि कर्ता अनेकवचनी म्हणून ‘इज’चं ‘आर’ झालं.

पण दिसेल ते वाक्य उलटत सुटू नका. ‘आय ॲम टायर्ड’ बहुतेक वेळा पॅसिव्ह नसतंच, त्यातलं ‘टायर्ड’ हे विशेषण असतं. ‘शी वॉज बॉर्न इन पुणे’ पॅसिव्ह आहे, तरी तसंच ठेवा; ‘हर मदर बोअर हर इन पुणे’ असं कुणी बोलत नाही.